सत्तरी ओलांडलेलं माणूस ऍडमिट झालं की नातेवाईकांनी काय काय करायचं

घरातलं वयस्कर माणूस न्यूमोनियाने किंवा लघवीच्या इन्फेक्शनने ऍडमिट होतं, आठ दिवसांत इन्फेक्शन जातं, रिपोर्ट नॉर्मल येतात, डॉक्टर म्हणतात घेऊन जा घरी, आणि घरी आणल्यावर कळतं की जी आजी स्वतःची आंघोळ स्वतः करत होती तिला आता पलंगावरून उठताही येत नाहीये. आपल्याकडे यावर "वय झालं आता" एवढंच म्हणतात आणि विषय संपतो. मला ते अजिबात पटत नाही. अमेरिकेत ओहायोमधल्या दोन हॉस्पिटलांत सत्तरीपुढच्या २,२९३ पेशंटचा अभ्यास झाला, २००३ साली छापून आला. त्यात आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं आणि स्वतःच्या हाताने जेवणं ही पाच साधी कामं बघितली होती, तर ३५ टक्के लोकांना ऍडमिट व्हायच्या दोन आठवडे आधी जे जमत होतं त्यातलं काही ना काही डिस्चार्जच्या दिवशी जमत नव्हतं. नव्वदीपुढच्यांमध्ये तर हे प्रमाण ६३ टक्के होतं.

नंतरच्या अभ्यासांनी हेही दाखवलंय की यातलं बरंच काही टाळता येतं, आणि त्यासाठी लागतं काय तर उठवणं, चालवणं, बोलणं, नीट खाऊ घालणं, चष्मा हातात देणं. हे सगळं करायला वॉर्डात माणसं पुरत नाहीत, सरकारीतही नाहीत आणि खाजगीतही फारशी नाहीत. त्यामुळे बेडशेजारच्या स्टुलावर जो कोणी बसलाय त्याच्या हातात खूप काही असतं, आणि त्याला हे कोणी सांगितलेलंच नसतं म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

माणूस घरी बरं असतानाच बघून ठेवायच्या गोष्टी

दोन ऐंशी वर्षांची माणसं, दोघांना सारखाच न्यूमोनिया, एक आठवड्यात चालत घरी जातो आणि दुसरा महिनाभर अंथरुणात. हा फरक वयाचा नसतो, शरीरात शिल्लक किती आहे त्याचा असतो. याला डॉक्टर लोक फ्रेल्टी म्हणतात. लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली याच्या पाच खुणा मांडल्या: वर्षभरात न ठरवता साडेचार किलोच्या वर वजन उतरणं, कायम थकल्यासारखं वाटणं, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि एकंदर हालचाल कमी होणं. पाचातल्या तीन असतील तर माणूस फ्रेल, एक-दोन असतील तर त्या वाटेवर.

घरात वजनकाटा नसला तरी कळतं बरं का. आजीच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या, साडीला निऱ्या जास्त यायला लागल्या, आजोबांच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, की समजायचं स्नायू झिजत चाललेत. अजून एक सोपी गोष्ट म्हणजे हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला सांगायचं (शेजारी उभं राहून हं, पडायला नको). आशियाई लोकांसाठी २०१९ साली जे निकष ठरले त्यात याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची तपासणी करून घ्यावी असं आहे, आणि पोटरीचा घेर पुरुषांत ३४ सेंटिमीटरच्या आणि बायकांत ३३ च्या खाली असेल तरीही. शिंप्याची टेप घेऊन दोन मिनिटांत होतं हे. असं काही दिसलं तर फॅमिली डॉक्टरांना सांगून ठेवा, आणि ठरवून करायचं ऑपरेशन असेल, गुडघ्याचं किंवा मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं, तर सर्जनला आधीच सांगा, कारण त्या आधीच्या महिनाभरात चालणं आणि खाणं वाढवता येतं.

दोन आठवड्यांपूर्वीचा कागद

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे असं माझं मत आहे. बाकी काही जमलं नाही तरी हे करा.

रात्री अकरा वाजता कॅज्युअल्टीत जे माणूस आणलं जातं ते तापाने फणफणलेलं असतं, बरळत असतं, कपडे ओले झालेले असतात. समोरचा डॉक्टर त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. त्याला कसं कळणार की हेच आजोबा गेल्या पंधरवड्यात बँकेत जाऊन पासबुक भरून आले होते? तो समजतो की हे असेच असतात, आणि मग पुढचं सगळं त्या समजुतीवर ठरत जातं, फिजिओथेरपी सांगायची का, किती जोर लावायचा, घरी पाठवताना काय अपेक्षा ठेवायची. कॅनडात हॅलिफॅक्सला डलहौसी युनिव्हर्सिटीत केनेथ रॉकवूड म्हणून डॉक्टर आहेत, त्यांनी आणि त्यांच्या टीमने २००५ साली फ्रेल्टीची एक मोजपट्टी काढली, आता ती १ ते ९ अशी आहे, १ म्हणजे एकदम फिट आणि ८ म्हणजे पूर्ण परावलंबी, आणि ९ म्हणजे आयुष्याच्या शेवटाजवळ आलेले. त्यातला खरा मुद्दा हा की आज बेडवर पेशंट कसा दिसतोय ते धरायचंच नाही, दोन आठवड्यांपूर्वी तो कसा होता ते धरायचं. आणि ते फक्त घरचेच सांगू शकतात.

तर एक कागद घ्या, मोठ्या अक्षरात लिहा आणि फाईलच्या पहिल्या पानावर लावा. उदाहरणार्थ: "वय ८१. दोन आठवड्यांपूर्वी: स्वतः आंघोळ, स्वतः जेवण, काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालत होत्या, गोळ्या मोजून द्याव्या लागत होत्या, पैशाचे व्यवहार मुलगा बघतो, स्मरणशक्ती ठीक, माणसं ओळखत होत्या. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. चष्मा लागतो. कवळी आहे. घरी 'माई' म्हणतात, त्या नावाला पटकन ओ देतात. गेल्या वर्षात दोनदा पडल्या. पेनिसिलिनची ऍलर्जी." खाली चालू औषधांची यादी, डोस आणि वेळेसकट, आयुर्वेदिक काढे आणि गुडघ्यासाठी कुणीतरी दिलेल्या पुड्यासुद्धा लिहायच्या. आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या, नावं ऐकून लिहिण्यात चुका होतात.

अजून एक गोष्ट जी लोक लाजेपोटी लपवतात. आजी मिश्री लावते, आजोबा रोज संध्याकाळी घेतात, कुणाला तंबाखूशिवाय चालत नाही. हे डॉक्टरांना सांगाच. रोजची दारू एकदम बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, भास होणं, फिटसुद्धा येऊ शकते, आणि डॉक्टरांना माहीत असेल तर त्यावर आधीच औषध देता येतं. तंबाखू तुटल्यावरही माणूस खूप अस्वस्थ होतं. तिथे कुणी तुमची इज्जत काढणार नाहीये.

एक इशारा पण देते. या मोजपट्टीचा आकडा उपचार ठरवायला मदत म्हणून आहे, उपचार नाकारायला नाही. मार्च २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या सूचनांत ही पट्टी आली तेव्हा जन्मापासून अपंगत्व असलेल्या तरुणांनाही ती लावली जाईल म्हणून तिथल्या संघटनांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच सूचना बदलाव्या लागल्या. ही पट्टी वयस्कर माणसांसाठी आहे. त्यामुळे कुणी नुसता आकडा सांगून "काही उपयोग नाही" म्हणालं तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

वॉर्डात कोण काय करतं आणि कुणाला कधी गाठायचं

सरकार संसदेत सांगतं की देशात ८११ लोकांमागे एक डॉक्टर आहे, पण त्यात आयुष डॉक्टर धरलेत आणि नोंदणी झालेल्यांपैकी ८० टक्के काम करतायत असं गृहीत धरलंय. शिवाय हे डॉक्टर सगळीकडे सारखे वाटलेले नाहीत, पुण्या-मुंबईत दर चौकात बोर्ड आणि गडचिरोली-नंदुरबारला जागा रिकाम्या. म्हाताऱ्यांच्या आजारांचे स्पेशालिस्ट तर फारच थोडे. या विषयातली एमडी आपल्या देशात १९९६ साली मद्रास मेडिकल कॉलेजात पहिल्यांदा सुरू झाली. महाराष्ट्रात वयस्करांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखालचं प्रादेशिक केंद्र मुंबईच्या जेजे हॉस्पिटलला दिलेलं आहे. बाकी ठिकाणी मेडिसिनचे डॉक्टरच हे सगळं बघतात.

मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलात, म्हणजे केईएम, सायन, ससून, घाटी असल्या ठिकाणी, तुमच्या पेशंटला रात्रंदिवस बघणारा माणूस म्हणजे रेसिडेंट, पुढचं शिक्षण घेत वॉर्डात काम करणारा डॉक्टर. केंद्राच्या १९९२ च्या नियमात त्यांची सलग ड्युटी साधारण १२ तासांपुढे जाऊ नये असं लिहिलंय, प्रत्यक्षात काय होतं ते वॉर्डात दोन दिवस काढलेल्या कुणालाही विचारा. त्या पोरांवर ओरडू नका हो. छत्तीस तास जागा असलेला पोरगा तुमच्या ओरडण्याने जास्त नीट बघणार नाहीये, पण तुमच्याकडे कागद तयार असेल तर त्याची दहा मिनिटं वाचतात आणि ती तुमच्याच पेशंटला मिळतात. खाजगीत मुख्य कन्सल्टंट दिवसातून एकदा, फार तर दोनदा राऊंड घेतात आणि मधल्या वेळेत आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, असतात. राऊंडची वेळ सिस्टरला विचारून ठेवा आणि त्या वेळी हजर राहा, दोनच प्रश्न ठरवून ठेवा, लिहून ठेवा. "आज काय बदललं?" आणि "उद्यापर्यंत काय व्हायला हवं?" एवढ्याने बरंच कळतं.

सिस्टर लोकांबद्दल तर काय बोलावं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा लिंडा एकेन यांचा २००२ चा अभ्यास आहे, त्यात ऑपरेशनच्या पेशंटमध्ये असं दिसलं की एका नर्सकडे सरासरी एक पेशंट जास्त आला की तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. एक पेशंट! तुमच्या वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे किती बेड आहेत ते मोजून बघा म्हणजे कळेल की पाणी पाजणं, कूस बदलणं, संडासला नेणं हे तिच्याकडून का होत नाही. ते तुम्ही करा, आणि बीपी, सलाईन, इंजेक्शन, बदललेली तब्येत यासाठी तिचा वेळ राखून ठेवा.

ड्युटी बदलते ती वेळ, साधारण सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठच्या आसपास, धोक्याची असते कारण एकाकडची माहिती दुसऱ्याकडे जाताना गळते. अमेरिकेत २०१४ साली नऊ हॉस्पिटलांत लहान मुलांच्या वॉर्डात डॉक्टरांना ड्युटी सोपवताना काय काय सांगायचं याची ठरलेली पद्धत शिकवली तर चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्याकडे तुम्ही नवीन आलेल्या सिस्टरला आणि डॉक्टरला एक वाक्य सांगायचं, "दुपारपासून लघवी झालेली नाही", "सकाळपेक्षा जास्त झोपाळलेत", जे काही असेल ते. आणि घरच्यांपैकी डॉक्टरांशी बोलायला एकच माणूस ठरवा, त्याने रात्री फॅमिली ग्रुपवर टाकायचं. नाहीतर पुण्याची मुलगी, बेंगळुरूचा मुलगा आणि न्यू जर्सीचा भाऊ तिघं वेगवेगळे फोन करतात, डॉक्टर तीनदा तेच सांगतात आणि घरात तीन वेगळ्या गोष्टी पोचतात.

उठवा आणि चालवा

बेड रेस्ट हा शब्द आपल्या लोकांना फार आवडतो. आराम करू द्या, आराम करू द्या. अमेरिकेत अर्कान्सामध्ये २००७ साली साठीपुढच्या अकरा-बारा निरोगी माणसांना, परत सांगते, निरोगी माणसांना, दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं तर दोन्ही पायांचं मिळून जवळजवळ एक किलो मांस कमी झालं. आता यात ताप, कमी जेवण आणि ऐंशी वर्षांचं वय मिसळा. आणि अलाबामामधल्या एका हॉस्पिटलात मोजलं तेव्हा दिसलं की ऍडमिट होण्याआधी चालणारे पेशंटसुद्धा दिवसातला ८३ टक्के वेळ आडवे असतात, उभं राहणं आणि चालणं मिळून पाऊण तासही होत नाही.

दुसऱ्या बाजूला स्पेनमध्ये पांप्लोना शहरात ३७० पेशंट घेतले, सरासरी वय ८७, ऍडमिट असतानाच त्यांच्याकडून रोज दोनदा पाच ते सात दिवस बेतशीर व्यायाम करून घेतला, आणि डिस्चार्जच्या वेळी ते बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त स्वावलंबी होते. सत्याऐंशी वर्षं सरासरी! म्हणजे आपल्या आजीचं वय झालंय म्हणून व्यायाम नको हे कारण टिकत नाही.

तर पहिल्याच राऊंडला विचारा, "डॉक्टर, यांना उठवून बसवायला आणि चालवायला काही हरकत आहे का?" हाड मोडलेलं असेल, बीपी खूप खाली असेल, हार्टचा काही ताजा त्रास असेल तर ते थांबा म्हणतील. पण बहुतेक वेळा उत्तर हो येतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं म्हणून कुणी सांगितलेलं नसतं. हो म्हणाले की जेवण खुर्चीत बसूनच. संडासला शक्य असेल तर चालत, आधार देऊन. दिवसातून तीन वेळा वॉर्डात एक फेरी, सलाईनचा स्टँड सोबत ढकलत. झोपलेलं माणूस एकदम उभं करायचं नाही, आधी पलंगावर पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसवायचं, चक्कर येत नाहीये ना विचारायचं, मग उभं करायचं. पायात मोजे नकोत, घरची मागून पट्टा असलेली चप्पल आणा, हॉस्पिटलच्या फरशीवर मोज्यांनी हमखास घसरतं. अगदीच उठता येत नसेल तर पडल्या पडल्या पावलं वर-खाली, गुडघा वाकवणं, ढुंगण उचलणं दर तासाला थोडं थोडं, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा आणि माकडहाड रोज डोळ्यांनी बघा, लालसर डाग दाबल्यावरही पांढरा होत नसेल तर लगेच सिस्टरला दाखवा, बेडसोर तिथूनच सुरू होतो.

लघवीची नळी हा अजून एक मुद्दा. नळी असली की माणूस उठत नाही, आणि रोज नळीतून इन्फेक्शन व्हायची शक्यता वाढत जाते. म्हणून दर राऊंडला नम्रपणे विचारा, "नळीची अजून गरज आहे का?" कधी कधी खरंच गरज असते. पण बऱ्याचदा ती फक्त काढायची राहून गेलेली असते. डायपरचंही तसंच आहे, रात्री ठीक, पण दिवसा सोयीसाठी म्हणून डायपर लावला की चार दिवसांत संडासला जायची सवयच मोडते.

अचानक गोंधळल्यासारखं वागायला लागले तर

याबद्दल जरा जास्त लिहिते कारण घरचे यात सगळ्यात जास्त घाबरतात आणि सगळ्यात जास्त चुकीचे अर्थ लावतात. काल व्यवस्थित बोलणारे आजोबा आज रात्री म्हणतात भिंतीवर मुंग्या आहेत, सलाईन ओढून काढतात, मुलालाच चोर म्हणतात. घरचे म्हणतात वेड लागलं, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. हा डिलिरियम आहे. मेंदूवर आजाराचा, औषधांचा, झोप न होण्याचा ताण आला की होतो, काही तासांत किंवा दिवसांत सुरू होतो आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतो. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत हळूहळू येतो, हा अचानक येतो, हा फरक डॉक्टरांना नेमका सांगा, "परवापर्यंत एकदम ठीक होते" हे वाक्य फार मोलाचं असतं.

आणि याचा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. माणूस शांत होतं. झोपून राहतं, हाक मारली की डोळे उघडतं आणि परत मिटतं, जेवत नाही, काही मागत नाही. सगळे म्हणतात चला, आज शांत झोपलेत, बरं वाटतंय. नाही! हाही डिलिरियमच असू शकतो आणि कुणाला त्रास देत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. रोज सकाळी गप्पा मारता मारता विचारून बघा, वय किती, जन्मतारीख काय (जुन्या माणसांना तारीख माहीत नसते, मग धाकट्या मुलाचं नाव विचारा), आपण कुठे आहोत, साल कोणतं. मग आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा, किंवा आजीला मराठी महिने फाल्गुनापासून मागे. एरवी जमत होतं आणि आज गाडी अडखळतेय तर त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला. कारण शोधावं लागतं. नवीन इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम खाली जाणं, साखर कमी होणं, लघवी तुंबणं, चार दिवस संडास न होणं, दुखणं, नवीन औषध, यातलं काहीही असतं.

टाळायचं कसं, याचं उत्तर शॅरन इनोये यांच्या टीमने येल-न्यू हेवन हॉस्पिटलात शोधलं आणि १९९९ साली छापलं. सत्तरीपुढचे ८५२ पेशंट, अर्ध्यांना नेहमीची सेवा, अर्ध्यांना त्यासोबत साध्या सहा गोष्टींची काळजी: वेळ-जागेचं भान देणं, झोप, चालणं-फिरणं, नजर, ऐकू येणं आणि पाणी. नेहमीच्या सेवेत १५ टक्क्यांना डिलिरियम झाला, दुसऱ्या गटात ९.९ टक्क्यांना. यातलं बरंचसं काम तिथे शिकवून तयार केलेले स्वयंसेवक करत होते. म्हणजे तुम्हीही करू शकता.

चष्मा आणि कानाचं मशीन हरवेल म्हणून लोक घरी ठेवून येतात. आणा, डबीवर नाव लिहा, पण आणा. समोर दिसेल असं घड्याळ ठेवा. सकाळी खिडकीचा पडदा उघडा आणि सांगा, "आज मंगळवार, आपण हॉस्पिटलात आहोत, ताप होता म्हणून आणलंय, संध्याकाळी सुमन येणार आहे." घरचं पांघरूण आणा. हरिपाठ ऐकायची सवय असेल तर हळू आवाजात लावा. दिवसा झोपू देऊ नका आणि रात्री उठवू नका, रात्री दोनला बीपी घ्यायची खरंच गरज आहे का ते विचारता येतं. गोंधळलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, मुंग्या नाहीयेत हे पटवत बसू नका, हात धरा आणि "मी आहे इथे" म्हणा. हात बांधून ठेवायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका, बांधल्याने माणूस अजून चवताळतं. ओळखीचं कुणीतरी रात्री जवळ बसलं तर बऱ्याचदा बांधावं लागत नाही, म्हणून पाळ्या लावा. एकाच सुनेला पाच रात्री बसवून ठेवू नका.

औषधं

स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही, पण विचारायचं नक्की. झोपेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, डायजेपाम, झोल्पिडेम असल्या, वयस्कर माणसांत पडणं आणि गोंधळ दोन्ही वाढवतात. अंगाला खाज आली, रक्त चढवायचं होतं म्हणून दिलं जाणारं एव्हिलचं इंजेक्शनसुद्धा मेंदूवर झापड आणतं. पण जी झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे ती एकदम तोडणंही धोक्याचं, म्हणून ती यादीत लिहाच. शुगरच्या पेशंटचं जेवण कमी झालंय आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड तेवढंच चालू आहे, असं दिसलं तर त्याच क्षणी सिस्टरला सांगा, "आज अर्धीच वाटी खाल्ली." म्हाताऱ्या माणसात साखर खाली गेली तर घाम-थरथर न होता थेट बरळणंच दिसू शकतं.

खाणं

आजारी वयस्कर माणसाला किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे ५० किलोच्या आजीला कमीत कमी ६० ग्रॅम (किडनीचा आजार असेल तर हा हिशोब वेगळा, डॉक्टरांना विचारा). आता एका अंड्यात ६ ग्रॅम असतं, कपभर दुधात जेमतेम तेवढंच, पातळ वरणाच्या वाटीत त्याहून कमी. आपण देतो काय तर भाताची पेज, साबुदाण्याची खीर, नारळपाणी, बिस्किट. पोटाला हलकं म्हणून दिलेल्या या कशातच प्रोटीन फारसं नाही. घट्ट वरण, दही, पनीर कुस्करून, उकडलेलं अंडं, मासे चालत असतील तर काटे काढून, दुधात नाचणी सत्त्व, थोडं थोडं पाच-सहा वेळा. कवळी लावूनच भरवा. पाठ ताठ करून बसवा, झापडेत असलेल्या माणसाच्या तोंडात घास किंवा पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं आणि नवीन न्यूमोनिया होतो. पाणी पिताना प्रत्येक वेळी खोकला येत असेल तर ते आवर्जून सांगा.

डिस्चार्ज आणि पुढचे पंधरा दिवस

डिस्चार्जचा दिवस बिल आणि मेडिक्लेमच्या मंजुरीच्या धावपळीत जातो आणि कार्ड हातात पडतं संध्याकाळी, मग कोण वाचतंय. म्हणून आदल्या दिवशीच विचारून घ्या की जुन्या गोळ्यांपैकी कुठल्या चालू, कुठल्या बंद, कुठल्यांचा डोस बदलला, नवीन गोळ्या किती दिवस, आणि बीपीची गोळी हॉस्पिटलात थांबवली होती ती परत कधी. घरी आल्यावर बंद झालेल्या गोळ्या डब्यातून काढून टाका, नाहीतर त्याही चालूच राहतात. पैशांचंही आधीच बघा, सत्तरी पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. फक्त ते हॉस्पिटल योजनेत आहे का ते ऍडमिट करतानाच विचारा.

घरी आल्यावर लोक सैल होतात आणि खरी काळजी तिथेच घ्यायची असते. अमेरिकेत सरकारी विमा असलेल्या वयस्कर पेशंटमध्ये पाचातला जवळजवळ एक तीस दिवसांत परत ऍडमिट होतो, आणि बऱ्याचदा पहिल्या आजाराने नाही तर दुसऱ्याच कशाने, पडल्यामुळे, इन्फेक्शनने, पोट बिघडून. हार्लन क्रुमहोल्झ या डॉक्टरांनी २०१३ साली याचं कारण मांडलं की हॉस्पिटलातली तुटलेली झोप, उपासमार, पडून राहणं आणि गोंधळ यानेच शरीर काही आठवडे कमकुवत राहतं. म्हणजे त्या आठवड्यांत जेवण, झोप आणि चालणं हेच औषध. फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा, निदान सुरुवातीचे दिवस. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर दिवा, मधल्या वाटेतलं पायपुसणं उचलून टाका. ब्युरोतून बाई किंवा केअरटेकर ठेवलात तर त्यांना पहिल्याच दिवशी सांगा की सगळं हातात आणून द्यायचं नाही, आजींना स्वतः करू द्यायचं आणि आपण फक्त शेजारी उभं राहायचं.

एक अवघड विषय राहिलाय. परत काही झालं तर आयसीयू, व्हेंटिलेटर किती आणि कुठपर्यंत, हे त्यांना स्वतःला काय हवंय ते विचारून ठेवा, ते शुद्धीत आणि निवांत असताना. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली लिव्हिंग विल मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतात. कागद नाही केला तरी चालेल, पण बोला. मुलांना अंदाज असतो असं वाटतं, बऱ्याचदा नसतो.

आणि या पंधरा दिवसांत परत सुस्ती आली, बरळणं सुरू झालं, दिवसभरात लघवी अगदीच कमी झाली, दम लागायला लागला, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, पडले आणि डोक्याला लागलं (रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर बाहेरून काही दिसत नसलं तरीही), तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. वयस्कर माणसांसाठी सरकारची एल्डरलाइन नावाची हेल्पलाइन आहे, १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. हा नंबर आजोबांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या आणि एकदा त्यांच्याच हाताने लावून बघायला सांगा.